निरोप्याची निवड : बहुधागी आज्ञावली आणि त्यांची स्थलांतरक्षमता

१

भारतीय भाषांच्या अभ्यासात संगणकाचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. एखाद्या ग्रंथाची शब्दसूची तयार करणे, पाच-सात हस्तलिखितांतील पाठभेद ताडून पाहणे, एका कवीच्या समग्र रचनेतील एका शब्दाचे सर्व प्रयोग एकत्र आणणे, या कामांत पूर्वी संशोधकाच्या उमेदीची वर्षे खर्ची पडत. आज तीच कामे आज्ञावलीकडून करवून घेता येतात. मात्र अशी आज्ञावली विभागात येते तेव्हा ती काय काय करते एवढेच आपण विचारतो. ती आतून कशी बांधली आहे, हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून आपण बाजूला सारतो. प्रस्तुत लेखात मला असे प्रतिपादावयाचे आहे की, या आतल्या बांधणीतील एक निर्णय तरी भाषेच्या अभ्यासकाने समजून घेतलाच पाहिजे. आज्ञावलीचे एकाच वेळी चालणारे भाग परस्परांना निरोप कोणत्या मार्गाने पोचवतात, हा तो निर्णय होय. आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येईल की नाही, आणि पर्यायाने ती किती वर्षे जगेल, हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते.

हा धोका आपणांस सर्वस्वी अपरिचित नाही. इसवी सनाच्या १९९०च्या दशकात भारतीय लिप्यांतील मजकूर ज्या फाँटांत टंकित होई, त्यांतील पुष्कळांची सांकेतिक रचना त्या त्या फाँटापुरतीच असे. १९९१ साली इस्कीचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. तरी सोय म्हणून मजकूर खाजगी संकेतांतच साठत राहिला. पुढे फाँट मागे पडला आणि त्याबरोबर मजकूरही वाचता येईना. त्या वेळी अक्षर नीट दिसत होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. आज्ञावलीच्या अंतर्गत निरोपवहनाचेही तसेच आहे. आजच्या यंत्रावर सर्व काही सुरळीत चालते, आणि म्हणूनच ते कशावर अवलंबून आहे हे कोणी पाहत नाही.

२

विषय स्पष्ट व्हावा म्हणून शब्दसूचीचेच उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरीसारख्या सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथाची सूची करावयाची आहे. आज्ञावलीचा एक भाग संहिता वाचतो, दुसरा ओवीतील शब्द वेगळे करतो, तिसरा त्यांचे मूळ रूप शोधतो, चौथा वर्णानुक्रम लावतो आणि पाचवा पडद्यावर प्रगती दाखवीत अभ्यासकाच्या आज्ञेची वाट पाहतो. हे सारे एकामागून एक करण्याऐवजी एकाच वेळी चालू ठेवता येते. एकाच आज्ञावलीत समांतर चालणाऱ्या अशा कार्यप्रवाहाला संगणकाच्या व्यवहारात थ्रेड म्हणतात. मी त्याला येथे धागा म्हणतो.

धाग्यांनी परस्परांशी व्यवहार कसा करावा, याची दोन परंपरागत उत्तरे आहेत. पहिले असे की, सर्वांनी एकाच स्मृतीत लिहावे-वाचावे आणि दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून कुलूप वापरावे. दुसरे असे की, प्रत्येकाने आपली स्मृती आपल्यापाशी ठेवावी आणि परस्परांना निरोप पाठवावेत. १९७३ साली कार्ल ह्यूइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ‘ॲक्टर’ची कल्पना आणि १९७८ साली टोनी होर यांनी मांडलेली संवाद साधणाऱ्या क्रमिक प्रक्रियांची उपपत्ती, या दोन्हींनी दुसऱ्या उत्तराला तात्त्विक अधिष्ठान दिले. त्याच १९७८ साली ह्यू लॉअर आणि रॉजर नीडहॅम यांनी मात्र असे दाखवले की, या दोन पद्धती एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या आहेत. एकीत लिहिलेली रचना दुसरीत उतरवता येते, आणि कोणती सोयीची हे यंत्र व कार्यप्रणाली कोणत्या पायावर उभी आहे यावर ठरते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार दूताच्या संदर्भात झालेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात दूताचे तीन प्रकार सांगितले आहेत. निसृष्टार्थ हा सर्वाधिकारी, स्वतःच्या बुद्धीने बोलणी करणारा. परिमितार्थ हा ठरवून दिलेल्या मर्यादेत बोलणारा. आणि शासनहर हा केवळ लेख पोचवणारा. धाग्यांमधील निरोप शासनहराच्या हाती द्यावा, असे माझे मत आहे. लेख मोहोरबंद असावा. तो एकदा हातावेगळा केल्यावर पाठवणाऱ्याने त्यात फेरफार करू नये, आणि तो मिळाल्यावर त्याची सारी मालकी घेणाऱ्याची व्हावी. निरोप म्हणून मजकुराऐवजी त्याचा पत्ताच पाठवला आणि पाठवणारा मागाहून त्या पत्त्यावरचा मजकूर बदलीत राहिला, तर नाव निरोपवहनाचे राहते आणि व्यवहार मात्र सामाईक स्मृतीचा होतो.

निरोपवहन स्वीकारले म्हणजे कुलुपांची कटकट संपली, असा एक समज आहे. तो खरा नाही. कुलूप दृष्टीआड होते एवढेच. मार्स पाथफाइंडर हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यावरील संगणक आपोआप पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे एक कमी अग्रक्रमाचे काम आपली माहिती नलिकेतून, म्हणजे निरोपाच्याच मार्गाने, पाठवीत असे. त्या नलिकेच्या व्यवस्थेत एक कुलूप दडलेले होते. ते कमी अग्रक्रमाच्या कामाच्या हाती असताना मध्यम अग्रक्रमाची कामे मध्ये घुसत आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्याच कुलपासाठी ताटकळत राही. शेवटी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून त्या कुलपाचा एक गुणधर्म बदलावा लागला. निरोपाच्या पेटीत काय आहे हे ठाऊक नसेल तर ती पेटी आपली नव्हे, असा या घटनेचा अर्थ मी लावतो.

३

आता प्रत्यक्ष उपलब्ध मार्गांकडे वळू. कार्यप्रणाली स्वतःच निरोपाच्या रांगा पुरवतात आणि त्या वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु एका विद्यापीठात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स आणि एखाद्या अभ्यासकाच्या घरी ॲपलचा संगणक अशी आपली परिस्थिती आहे. तेथे या रांगांची परीक्षा घ्यावी लागते.

युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ शाखेतून आलेल्या रांगा जुन्या आहेत. परंतु त्या आज्ञावलीच्या नसून कार्यप्रणालीच्या मालकीच्या असतात. आज्ञावली मध्येच कोसळली तरी रांग, आणि तीत पडून राहिलेले निरोप, कोणी मुद्दाम पुसेपर्यंत शिल्लक राहतात. विंडोजमध्ये तर या रांगा नाहीतच. १९९३ सालच्या पॉझिक्स विस्ताराने अधिक नेटक्या रांगांचे मानक दिले. लिनक्सने त्या स्वीकारल्या. पण तेथेही पूर्वनिर्धारित मर्यादा एका रांगेत १० निरोप आणि प्रत्येक निरोप ८१९२ बाइट अशी आहे. ॲपलच्या मॅक प्रणालीने या रांगा घेतल्याच नाहीत. एकाच मानकाचे नाव घेणाऱ्या दोन प्रणालींची ही स्थिती आहे. विंडोजमध्ये प्रत्येक धाग्याला स्वतःची निरोपरांग मिळू शकते. परंतु पडद्यावर एखादी संवादचौकट उघडी असताना धाग्याला उद्देशून टाकलेला निरोप हरवू शकतो, हा त्या व्यवस्थेचा जाणकारांना ठाऊक असलेला दोष आहे. शिवाय ती व्यवस्था विंडोजबाहेर कोठेच नाही.

नलिका आणि सॉकेट हे मार्ग त्या मानाने सार्वत्रिक आहेत. पण त्यांत भारतीय लिप्यांच्या दृष्टीने एक विशेष अडचण आहे आणि ती सविस्तर सांगणे अगत्याचे वाटते. नलिका आणि प्रवाही सॉकेट निरोप ओळखत नाहीत, ते केवळ बाइटांचा प्रवाह ओळखतात. पाठवणाऱ्याने एक ओवी म्हणून जे पाठवले, ते घेणाऱ्याला अर्ध्यावर तुटून दोन वेळा मिळू शकते. युटीएफ-८ या प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘क्षे’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. यंत्राच्या दृष्टीने क, हलन्तचिन्ह, ष आणि एकाराची मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. प्रवाह यांतील कोणत्याही बाइटावर तुटू शकतो. चिन्हाच्या मध्येच तो तुटला तर मजकूर निरर्थक होतो आणि निदान चूक लक्षात तरी येते. दोन चिन्हांच्या मध्ये तुटला तर मात्र ‘क्’ इकडे आणि ‘षे’ तिकडे अशी दोन शुद्ध दिसणारी रूपे तयार होतात आणि शब्दसूचीत निमूटपणे जाऊन बसतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की, दोन धागे एकाच नलिकेत लिहीत असतील तर त्यांचे लेखन परस्परांत मिसळणार नाही याची हमी पॉझिक्स मानक एका ठराविक लांबीपर्यंतच देते. ती लांबी किमान ५१२ बाइट असावी, एवढेच मानकाचे बंधन आहे. लिनक्समध्ये ती ४०९६ आहे. ५१२ बाइट म्हणजे देवनागरीची १७० पूर्ण चिन्हे आणि वर दोन बाइट. गद्याचा एखादा परिच्छेद ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि मग एका हस्तलिखिताची ओळ दुसऱ्याच्या ओळीत शिरू शकते. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा यंत्राने केलेला प्रक्षेप होय. रोमन लिपीत एका अक्षराला बहुधा एकच बाइट पुरतो. त्यामुळे तेथे तपासून घेतलेली आज्ञावली या कसोटीला क्वचितच लागते. ती येथे आणली की दोष उघड होतो, आणि मग खापर लिपीच्या ‘क्लिष्टते’वर फोडले जाते. दोष लिपीचा नाही. निरोपाची सीमा न राखणारा मार्ग निवडला, हा दोष आहे.

४

मग निवड काय करावी? माझे उत्तर साधे आहे. एकाच आज्ञावलीतील धाग्यांसाठी कार्यप्रणालीची रांग घेऊ नये. आज्ञावलीच्या स्वतःच्या स्मृतीत, एक कुलूप आणि झोपलेल्या धाग्याला जागे करणारी एक घंटा, म्हणजे कंडिशन व्हेरिएबल, एवढ्या सामग्रीवर मर्यादित लांबीची रांग बांधावी. ही सामग्री आज सर्वत्र मिळते. पॉझिक्सच्या धाग्यांसोबत ती १९९५ साली मानकात आली. विंडोजमध्ये तशी घंटा व्हिस्टा या आवृत्तीपासून मिळू लागली. आणि २०११ साली सी व सी++ या दोन्ही भाषांच्या मानकांत तिचा समावेश झाला, सीमध्ये ऐच्छिक म्हणून आणि सी++मध्ये अनिवार्य म्हणून. त्या मानकांनी कुलूप आणि घंटा दिली, रांग मात्र दिली नाही. ती आपणच बांधावयाची आहे, आणि तिला शे-दोनशे ओळींहून अधिक लागत नाहीत.

या रांगेला बाहेरून तीनच दारे असावीत : निरोप घालणे, निरोप काढणे आणि रांग बंद करणे. उरलेल्या आज्ञावलीने या तीन क्रियांखेरीज काहीही जाणू नये. उद्या यंत्र बदलले तर बदल करावयाचा तो या दारांच्या आत; बाहेरच्या हजारो ओळींना हात लावावा लागू नये. निरोप हा पूर्ण एकक असावा, म्हणजे एक ओवी, एक परिच्छेद किंवा एक अध्याय. त्यातील मजकूर युटीएफ-८मध्ये आणि आपल्या लांबीसह असावा. सी व सी++मधील ‘रुंद अक्षर’ विंडोजवर दोन बाइटांचे आणि लिनक्स वा मॅकवर चार बाइटांचे असते. म्हणून त्या रूपात मजकूर पाठवू नये.

रांगेच्या लांबीला मर्यादा का हवी, हेही सांगितले पाहिजे. संहिता वाचणारा धागा जलद आणि मूळ रूप शोधणारा मंद, हे ठरलेलेच असते. रांग अमर्याद असेल तर जलद धागा सारा ग्रंथ स्मृतीत ओतून मोकळा होतो. मोठ्या यंत्रावर हे खपते आणि विभागातील जुन्या यंत्रावर आज्ञावली गुदमरते. मर्यादित रांग भरली की वाचणारा धागा आपोआप थांबतो. अर्थात या मर्यादेचे एक पथ्य आहे. दोन धागे परस्परांच्या भरलेल्या रांगांत निरोप घालू पाहतील तर लखनौच्या ‘पहले आप’सारखी दोघेही एकमेकांसाठी कायमचे खोळंबतील. म्हणून निरोपांचा ओघ शक्यतो एकाच दिशेने वाहता ठेवावा. तसेच नाटकाला जसे भरतवाक्य, तसा रांगेलाही निश्चित शेवट असावा. रांग बंद झाल्याचे कळताच वाट पाहणारा प्रत्येक धागा जागा झाला पाहिजे. नाहीतर काम संपूनही आज्ञावली संपत नाही.

या मतावर आक्षेप येतील, त्यांतील तिघांचा विचार करतो. पहिला वेगाचा. कुलपाशिवाय चालणाऱ्या रांगाही बांधता येतात आणि त्या अधिक वेगवान असू शकतात, हे खरे आहे. परंतु स्मृतीतील लेखन दुसऱ्या धाग्याला कोणत्या क्रमाने दिसेल, याचे नियम प्रत्येक प्रक्रियकाचे वेगळे असतात. इंटेलच्या कुळात ते कडक आहेत, एआरएमच्या कुळात सैल. इंटेलवर वर्षानुवर्षे निर्वेध चाललेली अशी हातबांधणीची रांग एआरएमवर चुकू शकते. ॲपलने २०२० साली आपले संगणक इंटेलवरून स्वतःच्या एआरएम प्रक्रियकांवर नेण्यास आरंभ केला, तेव्हा हा प्रश्न केवळ ग्रांथिक राहिला नाही. शिवाय वेग हवा असेल तर निरोपांची संख्या कमी करणे हा अधिक निर्धोक उपाय आहे. शब्दागणिक निरोप न पाठवता अध्यायागणिक पाठवला तर कुलपाचा खर्च नगण्य होतो.

दुसरा आक्षेप असा की, काही धाग्यांना रांगेची आणि जालावरून येणाऱ्या माहितीची वाट एकाच वेळी पाहावी लागते. तेथे घंटा पुरत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. विंडोजमधील ‘सिलेक्ट’ ही क्रिया सॉकेटांपुरतीच चालते, नलिकांवर चालत नाही. म्हणून अशा धाग्यापुरती सॉकेटांची एक जोडी ठेवावी, तिच्यातून ‘रांगेत काही आले आहे’ एवढी सूचना देणारा एकच बाइट पाठवावा आणि खरा निरोप रांगेतूनच घ्यावा. एका बाइटाचे तुकडे होत नाहीत, त्यामुळे अक्षर तुटण्याचा प्रश्नच उरत नाही.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ज्या भाषांत निरोपवहन अंगभूतच आहे त्या का वापरू नयेत? १९८६च्या सुमारास एरिक्सन कंपनीत आकारास येऊ लागलेली एर्लांग आणि २००९ साली खुली झालेली गो, या अशा भाषा आहेत. नवे काम आरंभताना त्यांचा विचार अवश्य करावा. परंतु ज्यांच्या जतनाची चिंता आहे त्या आज्ञावली बहुतांशी सी, सी++ आणि जावा यांत लिहिलेल्या आहेत. जावाने २००४ सालीच आपल्या ग्रंथालयात मर्यादित रांग समाविष्ट केली. तेथे हे काम आयतेच झालेले आहे. उरलेल्या दोहोंसाठी वरील मार्ग मला सर्वांत कमी जोखमीचा वाटतो.

५

भारतात या अनुभवाचा एक मोठा पूर्वदाखला आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याचा घटक ट्रान्सप्युटर हा ब्रिटिश प्रक्रियक होता. प्रत्येक ट्रान्सप्युटरला आपली स्मृती आणि शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे असत. त्याची ओकॅम ही भाषा होर यांच्याच उपपत्तीवर बेतलेली होती. रचना अत्यंत देखणी होती. परंतु १९९०च्या दशकातच ट्रान्सप्युटरचा वंश खुंटला आणि त्याच्या दुव्यांशी घट्ट बांधलेले लेखन नव्या यंत्रावर जसेच्या तसे नेण्याची सोय राहिली नाही. जगभर अनेक उत्पादकांच्या यंत्रांची हीच गत होती. प्रत्येकाचे निरोपवहन वेगळे. त्यातूनच १९९४ साली एमपीआय हे सामाईक मानक निघाले. यंत्रे बदलली तरी ते टिकले, याचे कारण माझ्या मते त्याचा वेग नव्हे, तर त्याने ठरवून दिलेली दारे हे आहे. ते मुळात स्वतंत्र प्रक्रियांसाठी आहे. धाग्यांच्या बाबतीत ते चार पातळ्या मांडते, आणि सर्वांत वरची पातळी पुरवण्याचे बंधन कोणावरही नाही. म्हणून आपल्या लहान कामासाठी ते सुचवीत नाही. त्यापासून घ्यावयाचा तो धडा.

तात्पर्य असे की, भाषाविभागांनी आज्ञावली लिहवून घेताना करारात तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. धाग्यांमधील निरोप कोणत्या मार्गाने जातो आणि तो मार्ग कोणत्या प्रणालींवर नाही? निरोपाची सीमा कोण राखतो, आणि जोडाक्षर मध्येच तुटणार नाही हे कशावरून? यंत्र बदलल्यास किती ठिकाणी बदल करावा लागेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भारतीय लिपीतील मजकूर दोन भिन्न प्रणालींवर चालवून पडताळून घ्यावीत. दोन्हींकडच्या शब्दसूच्या अक्षरशः जुळल्या पाहिजेत. ही पडताळणी करावयास संगणकतज्ज्ञ लागत नाही. संहिता ज्याला पाठ आहे असा अभ्यासक ती अधिक चांगली करील, कारण कोणता शब्द ग्रंथात नाही हे त्यालाच ठाऊक असते.